कलम सात : बैलांबाबत

२ जून १९४९, बोरखेडा

गुलमंडीच्या घरून निघताना आमच्या सौ. लक्ष्मीबाईंनी विचारलं, "तह सांभाळायचा म्हणजे तुम्ही नक्की काय करायचं?" मी म्हटलं, देखरेख. त्या म्हणाल्या, "घरात दूध उतू जातं तेव्हाही तुम्ही समोरच बसलेले असता."

पैठणपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. मुक्काम चावडीत. छप्पर बरं आहे, पण ढेकूण आहेत.

इथली हकीकत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढं गोंधळ नको. कडूबा नावाच्या इथल्या शेतकऱ्यानं पोलिस अ‍ॅक्शनच्या आधी सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातून रायफली आणल्या आणि दहा-पंधरा माणसं घेऊन रझाकारांशी झुंज घेतली. तेव्हा त्याला शाबासकी मिळाली. पोलिस अ‍ॅक्शन झाल्यावर सरकारनं रायफली परत मागितल्या. कडूबा म्हणाला, आप्पासाहेबांनी बळकावलेल्या जमिनी आधी लोकांना परत द्या, मग रायफली न्या. आप्पासाहेब म्हणजे गावचे जमीनदार. रझाकारांच्या काळात त्यांच्या डोक्यावर रुमी टोपी होती, आता पांढरी आहे. डोकं तेच आहे असं लोक म्हणतात. मी सरकारी माणूस, मी म्हणत नाही.

वैशाखात गोळीबार झाला. कडूबाचा एक माणूस मेला, एक शिपाई जन्माचा लंगडा झाला. मग दोन्ही बाजू दमल्या आणि तह झाला. मध्ये ओढा. अलीकडं गाव आणि पोलिसांचं ठाणं, पलीकडं टेकडी आणि कडूबाची तुकडी. जमिनीचा निकाल वरून येईपर्यंत कुणी गोळी झाडायची नाही आणि कुणी ओढा ओलांडायचा नाही. ओलांडणाऱ्यावर गोळी घालायला मुभा.

तहनाम्याची सहा कलमं मीच लिहिली आहेत, मराठीत आणि उर्दूत. लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहायची सवय मला अदालतीच्या नकला विभागात लागली. चूक असली की कानाला खटकते. दोन्ही भाषांत वाचलं. कुठंच खटकलं नाही.

५ जून

आज कडूबाची भेट झाली. भेट म्हणजे तो ओढ्याच्या त्या काठावर आणि मी या. मला वाटलं होतं मोठ्या मिशा असतील. ठेंगणा, सावळा माणूस, डोळे उन्हानं बारीक झालेले.

"तुमी कोन?"

"तहाचा निरीक्षक."

"म्हंजी कोनाकडले?"

"कुणाकडचाच नाही."

"मंग जेवता कुठं?"

"ठाण्यात."

यावर त्याची माणसं बराच वेळ हसत होती. उद्यापासून चावडीतच स्टोव्हवर खिचडी करायची असं ठरवलं आहे. नि:पक्षपातीपणाला पर्याय नाही.

९ जून

पहिला तहभंग. पलीकडून एक बैल ओढ्यात उतरला आणि सरळ अलीकडं आला. पहाऱ्यावरच्या शिपायानं बंदूक रोखली. तो म्हणाला, कलम दोनमध्ये "कोणीही" असं लिहिलं आहे. त्याचं बरोबर होतं. मी धावत मध्ये गेलो आणि एक चप्पल चिखलात गमावली. बैल शांतपणे गावात शिरला आणि नूरमोहम्मद नावाच्या शेतकऱ्याच्या दावणीला, तिथं बांधलेल्या बैलाच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"साहेब, ह्यो कडूबाचा हरण्या," नूरमोहम्मद म्हणाला. "अन् ह्यो माझा मोऱ्या. दोघान्ला एकेकच बैल हाय. बापाच्या वक्तापासून सावड हाय आमची."

सावड म्हणजे काय ते मला नीट समजावून घ्यावं लागलं. ज्यांच्याकडं एकेकच बैल आहे अशा दोघांनी मिळून जोडी करायची आणि पाळीपाळीनं दोघांची शेतं पेरायची. एक बैल आणि एक माणूस याचा, एक बैल आणि एक माणूस त्याचा. हरण्या उजवीकडं चालतो, मोऱ्या डावीकडं. दुसऱ्या बैलाशी जुंपलं तर दोघंही रुसून बसतात.

म्हणजे मी तहाची हद्द एका जोडीच्या मधून काढली आहे. नकाशात बैल दाखवलेले नव्हते.

११ जून

कडूबाची बायको आवडाबाई चावडीवर आली. ती गावातच राहते. त्यांचं शेत ओढ्याच्या अलीकडं, म्हणजे नवरा पलीकडं आणि शेत इकडं. पदर नीट घेऊन ती खाली बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेरा झाला नाय तं खायाचं काय? तुमचं कलम?"

बाईमाणसाशी वाद नको म्हणून मी वरच्या कचेरीला विचारणा पाठवली : सावडीचा बैल सशस्त्र गटाचा घटक समजावा किंवा कसे.

१७ जून

कचेरीचं उत्तर आलं. बैलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण कळवावं.

२० जून

वाट पाहण्यात अर्थ नाही. जमीन भिजली आहे आणि ठाण्याचे जमादारसुद्धा रोज मला विचारतात, "पेरणीचं काय झालं?" ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे आहेत. मी माझ्या अधिकारात सातवं कलम लिहिलं :

"सावडीचा बैल सशस्त्र इसम समजला जाणार नाही व त्यास ओढा ओलांडण्याची मुभा राहील. पेरणीच्या व सणाच्या दिवशी बैलाचा धनी नि:शस्त्र येऊन आपलं काम करून परत जाईल, त्यास कोणी हात लावणार नाही. काही कारणानं एका बाजूचा माणूस हजर राहू शकला नाही, तर त्याच्या जागी निरीक्षक उभा राहील."

शेवटचं वाक्य मी कलमाला वजन यावं म्हणून घातलं. मोठ्यानं वाचल्यावर फारच भारदस्त वाटलं.

काठावर उभा राहून कडूबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कागद ऱ्हाऊ द्या, साहेब. तुमी सोता म्हनता का, हात लावनार नाय म्हून?"

"म्हणतो."

"मंग येतो."

२३ जून

कडूबा आला. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी. हत्यार नाही हे दिसावं म्हणून हात अंगापासून लांब धरून चालत होता. शिपाई बांधावर बंदुका घेऊन उभे. एखादा नुसता खोकला असता तरी मी आडवा झालो असतो.

तसं काही झालं नाही. नूरमोहम्मदनं तिफण हाकली आणि कडूबानं चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी नरसाळं. त्यात मुठीतून बी सोडत चालायचं. दोघं दिवसभर बोलले ते फक्त बैलांशी. दुपारनंतर जमादारांना राहवलं नाही. ते बूट काढून पेरणीच्या तासात उतरले आणि कडूबाला म्हणाले, "जरा दाट पडतंय." कडूबा म्हणाला, "आमच्या रानाला दाटच लागतं." दोन्ही पक्षांत झालेला हा पहिला थेट संवाद.

आवडाबाईनं भाकरी आणली. ती त्याला पुन्हा पुन्हा वाढत होती आणि तो नको म्हणत नव्हता. एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं फारसं पटत नसावं.

संध्याकाळी तो आला तसा परत गेला. तह टिकला. खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला. लक्ष्मीबाईंना सविस्तर लिहिलं आहे.

११ जुलै

रोजे चालू आहेत. नूरमोहम्मद दुपारी चावडीच्या पायरीवर अंबाडीचे दोर वळत बसतो. इथं सावली असते. घशाखाली पाण्याचा थेंब नाही, तरी हात थांबत नाहीत. मी त्याला सहज विचारलं, तुझी आणि कडूबाची एवढी जवळीक कशी? तो म्हणाला, "गेल्या साली भादव्यात, रझाकार पळाले तवा, आमी समदं घर कडूबाच्या आखाड्यावर व्हतो. बायका-पोरं, समदी. त्यो दारात बंदूक घिऊन बसायचा."

आखाडा म्हणजे शेतातली झोपडी. गावात धाब्याचं घर असताना झोपडीत कशाला राहायचं? मी विचारलं, घर गळत होतं का?

त्यानं दोराला आणखी एक पीळ घातला. मग म्हणाला, "व्हय, साहेब. त्या साली लई घरं गळत व्हती."

१२ ऑगस्ट

जमादारांची बदली झाली. त्यांच्या जागी नवीन इन्स्पेक्टर आले आहेत. बाहेरच्या प्रांतातले, तरुण, कपड्यांची इस्त्री कडक. मराठी समजत नाही. तहनामा वाचून त्यांनी विचारलं, "ये बैलवाला आपने लिखा है?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बहुत अच्छा है." इतक्या दिवसांत माझ्या कामाचं कौतुक करणारा हा पहिला अधिकारी.

१८ ऑगस्ट

इन्स्पेक्टर साहेबांना इथल्या चालीरीतींची आवड आहे. पोळ्याची माहिती लिहून मागितली. मी नूरमोहम्मदला विचारून टिपण तयार केलं. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं म्हणतात. पोळ्याला शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात, तोरणाखालून जोड्या नेतात. ज्या घरात मयत झालेली असते त्या घरचा बैल रंगवत नाहीत, बोडकाच ठेवतात. मुसलमान शेतकरीही पोळा करतात. सावडीच्या जोडीचा साज एका वर्षी एका घरी असतो. यंदा पाळी नूरमोहम्मदची. सध्या हरण्या त्याच्याकडंच आहे. आदल्या दिवशी तो खांदेमळणीला धन्याकडं जाईल आणि पोळ्याला धनी त्याला घेऊन तोरणाखाली येईल.

साहेबांनी शेवटचं वाक्य दोनदा समजावून घेतलं.

२२ ऑगस्ट

आज लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.

सकाळी इन्स्पेक्टर साहेबांनी हुकूम दाखवला. पोळ्याच्या दिवशी तह संपला असं समजावं. कडूबा तोरणाखाली आला की शिपायांनी घेरावं. पळाला तर गोळी घालावी. काही शिपायांना उर्दू येते, काहींना मराठी, म्हणून दोन्ही भाषांत नकला करून द्या असं मला सांगितलं.

मी म्हणालो, कडूबाला मी शब्द दिला आहे. ते म्हणाले, "आपने दिया है. सरकार ने नहीं."

मग जमिनीच्या निकालाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, निकाल झाला, जमिनी आप्पासाहेबांकडंच राहतील. एवढं ते सहज म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

मला अतिशय वाईट वाटलं. रागही आला. पण मी नोकर माणूस आहे, घरी दोन मुली लग्नाच्या आहेत. बातमी फोडली तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. चावडीत बसून नकला केल्या. मग सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचून पाहिल्या, आधी मराठी आणि मग उर्दू. बाहेर एक म्हैस ओरडत होती, त्यामुळं नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं वाचावं लागलं. वाचून झाल्यावर लक्षात आलं की दार उघडं होतं. उकाडा फार आहे.

पायरीवर अर्धवट वळलेला दोर पडला होता. नूरमोहम्मद असं काम टाकून जात नाही.

दुपारी त्यानं हरण्याला ओढ्याकडं सोडलं. मी पाहिलं तर बैल अगदी बोडका. गळ्यात घुंगरू नाही, कपाळाला गोंडा नाही, शिंगांना रंगाचं बोटसुद्धा लावलेलं नाही. साज यंदा याच्याकडं, आणि आजूबाजूच्या दावणींना तर आजपासूनच शिंगं लाल झालेली. मी त्याला बोललोसुद्धा, "सणावाराला असा बैल पाठवतात का?"

"रंग सरला, साहेब," तो म्हणाला.

आवडाबाई आपल्या दारात उभी होती. बोडका बैल समोरून गेला तशी ती मटकन खाली बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय. पायात काटा भरला."

२३ ऑगस्ट, पोळा

गावाच्या वेशीत तोरण. शिपाई साध्या कपड्यांत, अंगावर घोंगड्या, घोंगडीखाली बंदुका. या उकाड्यात घोंगडी घेतलेली माणसं पाहून गावातली कुत्री भुंकत होती. मी इन्स्पेक्टर साहेबांच्या शेजारी उभा होतो. ओढ्याकडं बघू नये असं मी ठरवलं होतं आणि सारखा तिकडंच बघत होतो.

वाजंत्री सुरू झाली. जोड्या यायला लागल्या. नूरमोहम्मद एकटा मोऱ्याला धरून उभा, मोऱ्याच्या उजव्या अंगाची जागा मोकळी.

मग ओढ्यातून हरण्या आला. एकटाच. मागं माणूस नाही, दोरी धरलेली नाही. सरळ गर्दीतून वाट काढत मोऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

त्याची शिंगं हिंगुळानं लालभडक रंगवलेली होती. वर बेगड, कपाळावर गोंडा, खांद्यावर हळद.

म्हणजे रंग पलीकडं होता तर. नूरमोहम्मदनं आधीच मागून का घेतला नाही, कळत नाही.

इन्स्पेक्टर साहेबांनी दात आवळून विचारलं, "मालिक कहाँ है?" मी म्हटलं, "बैल आ गया है, साहब. कलम सात के मुताबिक." ते माझ्याकडं असं बघत राहिले की मी नजर खाली केली. नूरमोहम्मद पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होता. उदाचा धूर फार झाला होता. आवडाबाईनं दोन्ही बैलांना पुरणाची पोळी भरवली आणि हरण्याच्या शिंगाला हात लावून तोच हात आपल्या कपाळाला लावला. हाताचा रंग कपाळाला लागला. तो तिनं पुसला नाही.

२५ ऑगस्ट

टेकडी रिकामी. तुकडी नाही, रायफली नाहीत, चुली थंड. इन्स्पेक्टर साहेबांनी मला विचारलं, बातमी कुणी फोडली? मी म्हणालो, मी कुणालाही सांगितलेलं नाही. हे खरं आहे.

त्यांनी गावात दवंडी दिली : कडूबाच्या शेतात जो पाय ठेवील तो कडूबाचा माणूस समजला जाईल. माझी बदली होणार आहे. हुकूम येईपर्यंत इथंच थांबायचं.

२९ सप्टेंबर

रब्बीची ज्वारी पेरायची वेळ. सगळीकडं तिफणी चालू आहेत. नूरमोहम्मदचं शेत पेरून झालं. तिथं चाड्यावर त्याची बायको होती. कडूबाच्या शेतातला जूनचा मूग आवडाबाईनं एकटीनं काढला, पण पुढं रान तसंच पडलं आहे. आवडाबाईला हिवताप भरला आहे, उठवत नाही. दवंडीच्या भीतीनं दुसरं कुणी यायला तयार नाही, आणि नूरमोहम्मदच्या बायकोला तिच्या भावांनी घराबाहेर पडू दिलं नाही. अजून दोन-तीन उन्हं पडली की ओल जाईल. मग वर्षभर त्या घरात भाकरीला दाणा नाही.

सकाळी नूरमोहम्मद चावडीवर आला. हरण्या आणि मोऱ्या जुंपलेले होते.

"चला, साहेब."

"कुठं?"

"पेरायला. कडूबाच्या बाजूचा मानूस पायजे. कलम सातवं."

मी म्हटलं, अरे, तो तह मोडला.

"कोनी मोडला?"

मी विचार केला. "आम्ही."

"मंग आमी नाय मोडला. आमच्याकून चालू हाय."

कोट काढून ठेवला आणि गेलो.

मी भ्यालो होतो, हे लिहायला हरकत नाही. पण त्या माणसानं माझ्या शब्दावर हात लांब धरून ओढा ओलांडला होता, त्याची लाज भीतीहून मोठी होती. मूठ धरणं दिसतं तेवढं सोपं नाही. बैल चालतात तसं बी सारखं पडत राहिलं पाहिजे. माझं कधी मूठभर एकदम पडायचं, कधी काहीच नाही. नूरमोहम्मद मागं वळून बघायचा आणि बैल हाकायचा. दुपारी इन्स्पेक्टर साहेब बांधावर आले.

"ये क्या हो रहा है?"

"सातवें कलम की तामील, साहब," मी म्हटलं.

ते उभे राहिले, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. आम्ही सूर्य बुडेपर्यंत पेरलं. हाताला फोड आले आहेत. लेखणी धरवत नाही, म्हणून इथंच थांबतो.

१२ ऑक्टोबर

बदलीचा हुकूम आला. नकला विभागात, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथंच, एक पायरी खाली.

जाण्याआधी शेत पाहून आलो. ज्वारी उगवली आहे. म्हणजे कुठं झुपका, कुठं टक्कल. लांबून पाहिलं तरी हे काम कुणाचं ते कळतं. आवडाबाई बरी होऊन बांधावर बसली होती. शेत बघून ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, "त्यो आसता तं तुमाला बांधावर बी उभं केलं नसतं." मग म्हणाली, "पन दाना व्हईल, साहेब. खायापुरता व्हईल." आणि मला ओटीतली चार बोरं दिली. हिरवी होती. मी खाल्ली.

६ नोव्हेंबर

आज रविवार. माझा स्टोव्ह चावडीत राहिला होता म्हणून बोरखेड्याला जाऊन आलो. लक्ष्मीबाई म्हणाल्या, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? नवीन आणू. मी म्हटलं, तो स्टोव्ह चांगला आहे.

वाटेत कडूबाचं शेत लागतं. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. टक्कल कुठंच नाही. मी बी सोडायला चुकलो होतो तिथं तिथं रोपं उभी आहेत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. माझ्या रोपांहून ती वीतभर ठेंगणी आहेत, म्हणजे मागून आलेली. झुपके होते तिथली जास्तीची रोपं उपटून बांधावर नीट रचून ठेवली आहेत.

आवडाबाईला विचारलं, नांग्या, म्हणजे ही टकलं, तुम्ही भरल्या का? ती म्हणाली, "मी नाय बा." तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. नूरमोहम्मदला विचारलं. तो दोर वळत होता. म्हणाला, "रान चांगलं हाय, साहेब." हरण्या त्याच्या दावणीला बांधला होता, पण तोंड ओढ्याकडं करून.

ज्वारीच्या नांग्या आपोआप भरून येतात असं दिसतं. शेतकीचं मला फारसं ज्ञान नाही.

हे लिहिलेलं आज मोठ्यानं वाचून पाहिलं नाही.